आधी तळवे, मग तोंड

कसलाही ताप घेऊन जा, सोनवणे डॉक्टर आधी चप्पल काढायला लावतात. तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. पाय मांडीवर घेऊन तळवा उजेडाकडे वळवतात, मग मनगट, मग कानामागे. "आधी तळवे, मग तोंड. तोंड खोटं बोलतं." पुढचा प्रश्न ठरलेला: "गोचीड कुणी काढली?" सर्दीचं औषध मागायला आलेल्या नवरदेवालाही त्यांनी हे विचारलंय. बेल्ह्याच्या बाजारात बैल असाच पारखतात, म्हणून आम्ही टिंगल करायचो, "राव, दात बी मोजा की!"

टिंगलीत मीच पुढे. जनावरांतला जाणकार ना मी! गाय घेतली तेव्हा दात बघितले, खूर बघितले, कास बघितली. कान तेवढे राहिले, आणि कानांत गोचिडांची वसाहत. माझी बायको शांता त्या उपटून नखावर चिरडायची. मी शेजारी बसून "ती बघ, एक राहिली" असं मार्गदर्शन करायचो.

पुतणीच्या लग्नाहून आल्यावर शांताला ताप चढला. "दगदग झाली," मी निदान केलं. ताप हटेना. मग ती भलतंच बडबडू लागली, मला ओळखेना, तेव्हा माझी अक्कल संपली. जीपमध्ये घालून तिला डॉक्टरांकडे नेलं.

ती आडवी, हातच आधी सापडले; त्यांनी ते उलटे केले. लग्नाची मेंदी, पार मनगटापर्यंत. ठिपका असला तरी दिसणार कसा? त्यांनी पाय उचलले. तळव्यांवर लाल ठिपके.

"लग्नात अनवाणी नाचली. खडे टोचले असतील," मी म्हणालो.

"गप बस. गोचीडताप हाय, गोचीड चिरडली की अंगात शिरतो. डॉक्सीची गोळी आत्ता, माझ्यासमोर."

"पण रक्ताचा रिपोर्ट?"

"तो येईल सावकाश. ही थांबायची नाय."

गोळी गिळवून त्यांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं. वाटभर तिचं डोकं सांभाळत जीपमध्ये स्वतः बसले.

शांता बरी होऊन घरी आली. डॉक्टर मात्र रोज संध्याकाळी येत राहिले. नाडी बघायची, ओट्यावर बसायचं, गाईकडे बघत राहायचं. शेवटी मी तोंड उघडलंच, "डॉक्टर, आता ताप न्हाई हो तिला!"

शांतानं माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच विरघळलो. डॉक्टर उठले, बॅग उचलली.

"खरंय. तापाच्या घरात बसायची सवय लागली. बिनतापाच्या घरात काय बोलतात, आता आठवत नाय."

शांतानं त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली, आत फळीवर ठेवली आणि परातीत आणखी पीठ घेतलं.