पोवळ्यांची भिंत आणि भालोबांची जांभई

मुलांनो, वनशक चारशे सातमधील मार्गशीर्ष महिना होता आणि ऋतू हेमंत होता. साल, महिना आणि ऋतू आधीच सांगितलेले बरे. ज्या गोष्टीला तिथी नसते, तिची जबाबदारी पुढे कोणी घेत नाही.

एका जंगलात एक विद्यापीठ होते. ते जंगल समुद्राला इतके लागून होते की केवड्याचे पान गळले तर खाऱ्या पाण्यात पडे. काठापासून थोड्याच अंतरावर पोवळ्यांची एक लांबलचक भिंत होती. ओहोटीला तिचा माथा दिसे. विद्यापीठातील सर्व विद्वान तिला खडक म्हणत. त्यांनी तिचा अभ्यास अनेक वर्षे केला होता, आणि तो काठावरून केला होता.

भारजा ही पाणमांजरांच्या कुळातील विद्यार्थिनी. पदवीसाठी तिने हाच विषय घेतला आणि ती सरळ पाण्यात उतरली. ही तिची पहिली चूक.

खाली तिला दिसले की खडक जिवंत आहे. तीळभर आकाराचे असंख्य जीव तेथे शेजारी शेजारी राहत होते. प्रत्येक जण स्वतःभोवती चुन्याचे घर बांधी. तो गेला की त्याच्या घरावर पुढची पिढी आपले घर बांधी. आजोबांच्या डोक्यावर नातवंडे, अशी ती भिंत उंच झाली होती.

वर येऊन भारजाने दुसरी चूक केली. पाहिलेले सर्व तिने वाळूत खेळणाऱ्या पिल्लांना सांगितले, आणि तेही त्यांना समजेल असे.

एकदा तिने वाळूचे दोन किल्ले करविले. एकापुढे खडबडीत दगडांची रांग मांडली. दुसऱ्यापुढे काहीच ठेवले नाही. मग वानराच्या पिल्लांनी करवंट्या भरभरून पाणी फेकले.

"बाई, माझा किल्ला गेला!" मुंगसाची कन्या रडकुंडीला आली.

"का गेला?"

"त्याच्यापुढे भिंत नव्हती."

"मग आपल्या जंगलापुढे काय आहे?"

सर्व पिल्लांनी एकदम समुद्राकडे पाहिले. कळले म्हणजे मुले अशीच गप्प होतात. (मागे कुजबुज चालली आहे ती याहून वेगळी. ती थांबवावी.)

केवड्याच्या बनामागे आणखी कोणी तरी समुद्राकडे पाहिले. ते भालोबा होते.

भालोबा कोण, हे सांगणे आवश्यक आहे. भालोबा हे वयोवृद्ध अस्वल विद्यापीठाचे जांभईसाक्षी होते. हे पद वंशपरंपरेचे. पहिल्या कुलगुरूंच्या पहिल्याच व्याख्यानात त्या वेळचे अस्वल जांभई देऊन झोपी गेले होते. हा अपमान समजावा की सन्मान, असा पेच पडला. कुलगुरूंनी विचारपूर्वक सन्मान ठरविला. तेव्हापासून परीक्षा असो वा राजसभा, जे ऐकून अस्वल जांभई देई ते सखोल. अस्वल जागे राहिले, तर ती करमणूक. करमणुकीची नोंद घेण्याची प्रथा नव्हती.

भारजाचे मार्गदर्शक आचार्य शुभ्रपक्ष हे बगळे होते. घोट्याएवढ्या पाण्यात एका पायावर उभे राहून त्यांनी समुद्रावर चार ग्रंथ लिहिले होते. दोन किल्ल्यांचे प्रकरण प्रबंधात पाहून त्यांनी मान वळविली.

"हे अध्यापन आहे. संशोधन नव्हे. साळिंदरबाईंच्या शिक्षण विभागात जा."

साळिंदरबाईंनी प्रबंध काट्यानेच उलटला.

"यात पोवळी आहेत. पोवळी म्हणजे संशोधन. आमच्याकडे कशाला पाठविली?"

"आचार्य म्हणाले, हे अध्यापन आहे."

"म्हणतील! कोळंबी दिसली की ती स्वतःची, काम दिसले की ते आमचे! सांग त्यांना, आमच्या विभागात शिकवितात कसे ते शिकवितात. काय शिकवायचे, हा आमचा विषय नाही."

"पण बाई, काय शिकवायचे ते पाहिल्याशिवाय कसे शिकवायचे ते—"

"प्रश्न विचारू नकोस. तू विद्यार्थिनी आहेस."

अशा येरझाऱ्या चालल्या असताना पिल्लांच्या वर्गाची कीर्ती गजराजांच्या कानी गेली. गजराज प्रसन्न झाले. त्या जंगलात राजा प्रसन्न झाला की इमारत उभी राही. विज्ञानप्रसार भवन बांधावे, अशी आज्ञा झाली.

"दगड कोठून आणावा?" गजराजांनी विचारले.

"पोवळ्यांच्या अभ्यासाचे भवन, महाराज!" आचार्य म्हणाले. "ते पोवळ्यांच्याच खडकाचे असावे. यासारखे औचित्य नाही. शिवाय खडक जवळ आहे."

भारजा धावत सभेच्या दाराशी गेली. दारावर तरस होता.

"पदवी?"

"अजून नाही. पण ती भिंत जिवंत आहे! ती तोडली तर समुद्र—"

"समुद्राविषयी पंडितांनीच बोलावे, असा नियम आहे. पदवी घेऊन ये, पोरी. समुद्र काही पळून जात नाही."

तेव्हा भारजाला पदवी हवी झाली. पूर्वी ती नावापुढे लावण्यासाठी हवी होती. आता भिंतीसाठी हवी होती.

माघात तोंडी परीक्षा झाली. समोर आचार्य, बाजूस साळिंदरबाई, मध्ये भालोबा. भारजाने तिळाएवढ्या जिवांची हकिकत सांगितली. भालोबांचे डोळे मोठे होत गेले. दोन किल्ले आले तेव्हा ते आसनाच्या काठावर येऊन बसले. जांभई आलीच नाही.

"अनुत्तीर्ण," आचार्य म्हणाले.

"आमचीही संमती," साळिंदरबाई म्हणाल्या. दोन्ही विभागांचे एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

बाहेर आल्यावर आचार्यांनी तिला बाजूला घेतले. ते मनाने वाईट नव्हते. फक्त कोरडे होते.

"मुली, जीव म्हणू नकोस. घर म्हणू नकोस. आजोबा तर मुळीच म्हणू नकोस. ऐकणाऱ्याला जेथे धरायला फांदी सापडेल, तेथली फांदी छाटून टाक."

भारजाने छाटली. फाल्गुनात तिने नवा प्रबंध वाचला. त्याचे नाव होते, 'सहजीवी-शैवालाश्रित चूर्णस्रावी प्राणिसमुच्चयांच्या अध्ययन-अध्यापनीय परिप्रेक्ष्यातील अन्योन्यसापेक्षतेचे उपयोजन'. 'परिप्रेक्ष्यातील' येथे भालोबांचा जबडा हलला. 'उपयोजन' येथे तो पूर्ण उघडला. मागील दाढही दिसली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

निघताना भालोबांनी तिला अडविले.

"पोरी, त्या आजोबा-नातवंडांचे काय झाले गं? मी वाट पाहत होतो."

"ते यातच आहेत, भालोबा."

"असतील हो. मला भेटले नाहीत."

हे बोलणे भारजाला जिव्हारी लागले. सभेत साध्या शब्दांतच बोलायचे, असे तिने ठरविले. ही तिची तिसरी चूक, आणि ही तिने समजून उमजून केली.

चैत्रात, वनशक चारशे आठ लागताच, ती पंडिता भारजा म्हणून राजसभेत उभी राहिली. रानडुकरे सुळे परजून काठावर बसली होती. आज्ञा झाली की ती भिंत उपटणार होती.

"महाराज, भिंत जिवंत आहे. लाटा आधी तिच्यावर आपटतात आणि दमून आपल्याकडे येतात. तिला तोडले तर त्या न दमता येतील. नवे भवन सखल जागेत आहे. उधाणाच्या दिवशी ते बुडेल."

इतके सोपे त्या सभेत पूर्वी कोणी बोलले नव्हते. गजराजांचे कान हलायचे थांबले. क्षणभर, मुलांनो, सर्वांना समजले.

मग साळिंदरबाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे साक्षीदारांकडे पाहावे."

सर्वांनी भालोबांकडे पाहिले. भालोबांना आपले कर्तव्य कळत होते. आयुष्यात प्रथमच त्यांना मनापासून जांभई हवी होती. त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, दोन्ही पंजांनी जबडा ताणला. तोंड उघडले. अगदी पुरते उघडले. आणि त्यातून शब्द बाहेर पडले,

"मग? भिंत नसली तर लाट कुठवर येईल?"

सभा हळहळली.

"साक्षीदार जागे आहेत," आचार्य खिन्नपणे म्हणाले. "भाषण करमणूक ठरते."

गजराजांचे कान पुन्हा हलू लागले. रानडुकरे पाण्यात उतरली.

वैशाखात भिंत निघाली. ज्येष्ठात भवन उभे राहिले. दिसायला सुंदर होते. पांढऱ्याशुभ्र भिंतींवर फुलांसारखी नक्षी होती. ती कोणी कोरलेली नव्हती. ती त्या जिवांची घरे होती. भारजाने एकदा तिला हात लावला आणि मग त्या वाटेने जाणे सोडले.

उद्घाटनास दीपप्रज्वलन हवे, म्हणून आचार्यांनी आषाढातील दिव्याची अमावास्या निवडली. मुहूर्त भर दुपारचा. अमावास्येला उधाण असते आणि ते दुपारीच भरते, हे भारजाने त्यांना सांगून पाहिले. आचार्यांनी विचारले, "भालोबांनी जांभई दिली का?"

समारंभाची शोभा म्हणून पिल्लांना पुढच्या रांगेत बसवायचे होते. त्यांच्यासाठी आसने मांडली होती. परंतु सकाळीच मुंगसाची कन्या भारजाच्या दारात आली. मागे वानरांची फौज होती.

"बाई, आज अमावास्या ना? आणि पुढे भिंत नाही ना?"

"नाही."

"मग आपण टेकडीवर जाऊ या का?"

भारजाने तिच्याकडे पाहिले. माघापासून ती ज्या समजण्याची वाट पाहत होती ते तिच्या दारात उभे होते, आणि त्याला कोणी पदवी देणार नव्हते.

"चला," ती म्हणाली. वाटेत भालोबाही त्यांना मिळाले. त्यांच्या हाती करवंटी होती.

भवनात गजराजांनी पहिली वात लावली. आचार्यांनी 'सागर आणि आपण' या विषयाला आरंभ केला. त्याच वेळी सागर दारातून आत आला. त्याने दिवे विझविले, आसने उचलली, साळिंदरबाईंना हार-तुऱ्यांसह खिडकीबाहेर नेले. आचार्य एका पायावर उभे होते. पाणी घोट्याच्या वर गेले तेव्हा त्यांनी दुसरा पाय टेकला. त्याखालीही पाणीच होते. समुद्राचा इतका सखोल अनुभव त्यांना प्रथमच आला.

कोणी मेले नाही. तिन्हीसांजेपर्यंत सर्व विद्वान टेकडीच्या उतारावरील एका जांभळाखाली आणि जांभळावर जमले. तेथेच, टेकडीवरून खाली आलेल्या भारजा आणि पिल्लांसमोर, चौकशी झाली. आचार्य आणि साळिंदरबाई एकाच फांदीवर होते, म्हणून निष्कर्षही एकच निघाला. आचार्यांनी तो वाचला.

"भवनातील पुढील आसनांची रिक्तता ही बाल-अनुपस्थितिजन्य असून, सदर अनुपस्थिती अकालिक आकलनाच्या प्रादुर्भावातून संभवली. रिक्त अवकाशात जलप्रवेश हा निसर्गनियम होय. तस्मात् अध्यापनकर्तीच्या पदवीचे प्रत्याहरण करण्यात यावे."

"म्हणजे काय, बाई?" वानराच्या पिल्लाने हळूच विचारले.

"म्हणजे तुम्हाला समजले, म्हणून पाणी शिरले," भारजा म्हणाली.

भालोबा दिवसभर टेकडी चढून दमले होते. लाट कुठवर आली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे विचारण्यासारखे काही उरले नव्हते. 'प्रत्याहरण' हा शब्द कानी पडला आणि त्यांना जांभई आली. खरीखुरी, लांब, मागील दाढ दाखविणारी.

सभेने टाळ्या वाजविल्या. वनशक चारशे आठ, आषाढ अमावास्या, तिन्हीसांजेची वेळ. त्या दिवशी हा प्रश्न कायमचा निकालात निघाला.

तात्पर्य : मुलांनो, उधाण येणार हे ठाऊक असेल तर टेकडीवर अवश्य जावे, परंतु एकट्याने आणि निमूटपणे जावे. थोरांना बुडाल्याचा राग येत नाही. रिकाम्या आसनांचा येतो.