पडवीतल्या भाषेचं सुतक

माझ्या पडवीत भाषा मेली, असं मी दारोदार सांगत फिरले, पण आधी एकानेही विश्वास ठेवला नाही. "झोपली असेल," म्हणाले. सहा वर्षं मी तिला सांभाळली, मला झोप आणि मरण यातला फरक कळत नाही होय?

ती मूळची महासागरातल्या बेटावरची. शाळेतल्या नकाशात माशीने घाण केल्यासारखा ठिपका असतो, तिथली. तिकडे तिला बोलणारं शेवटचं माणूस गेलं, तेव्हा ती खोबऱ्याच्या पोत्यातून आमच्या गावात आली. मी चौथी शिकलेली, पण तिची बाराखडी मला पाठ. स्वर पाचच. शब्द व्यंजनावर कधी थांबवायची नाही, शेवटी स्वर हवाच. नुसता ब, नुसता ड तिला जमायचा नाही. आधी नाकात घुमवून म्ब, न्ड. आणि एक आवाज ओठ फडफडवून काढायची, म्ब्र्र. तिला तोंड नव्हतं, तरी थुंकी उडायची. पडवीतच माझी शेळी पारू बांधलेली असते. दोघींचं दिवसभर चालायचं. काय चालायचं ते मला कळायचं नाही.

पावसाळा सरला आणि तिचा एकेक आवाज गळायला लागला. आधी न्ड गेला, मग म्ब. शेवटी ओ राहिला. मंगळवारी सकाळी तोही गेला.

माझा नवरा हयात नाही, म्हणून दिराने, श्रीपतभावजींनी, डोकं भादरलं आणि मिशी काढली. चौदाव्या दिवशी माझ्या लेकीचं, ऊर्मिलाचं लग्न. व्याह्यांचा निरोप आला, "सुतक फिटल्याचा दाखला दाखवा, मगच वऱ्हाड निघेल."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून बघत राहिले. मी हात जोडले. "बाई, तुझे पाची स्वर देव्हाऱ्यात ठेवीन." कावळा हलला नाही. "पुढल्या जन्मी मोठ्या देशाची हो." त्यावर एक उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

"दर्भाचा कावळा करू की वहिनी," भावजी म्हणाले. "टाळकं भाजलं माझं."

दाखल्यासाठी ग्रामसेवक भाऊसाहेब रजिस्टर घेऊन आले होते. "माणसाला दर्भाचा चालतो. भाषेला खरा लागतो. मावशी, तिचं बोलणं समजणारं कुणी उरलंय का?"

"बोलणारं कुणी नाही."

"बोलणारं नसलं तरी चालतं. समजणारं एक जरी उरलं, तर मयत नोंदवता येत नाही. जरा बोलून दाखवा बघू."

मी ओठ फडफडवून म्ब्र्र केलं. भावजींनी तोंड पुसलं. बाकी कुणी मानसुद्धा वळवली नाही. फक्त माझ्यामागून नदीवर आलेली, बाभळीखाली चरणारी पारू तोंडातला पाला टाकून आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"आणखी एक," भाऊसाहेब म्हणाले.

भाषा रोज दिवे लागताना एक लांबलचक वाक्य बोलायची, ते मी म्हटलं. पारूने शेवटच्या स्वरापर्यंत ऐकून घेतलं आणि खाली बसली.

भाऊसाहेबांनी पेनला टोपण लावलं. "मयत नाही. म्हणजे सुतकही नाही. लग्न करा."

मला रडावं की लाडू वळावेत कळेना. मग दहा दिवस मी रडले ती कुणासाठी?

"आणि माझी मिशी?" भावजी ओरडले. "मांडवात असा उघड्या ओठाने उभा राहू? कुणाला तरी जबाबदार धरा, नाहीतर मी लग्नाला येत नाही!"

"धरू की. रकाना आहेच," भाऊसाहेब म्हणाले. टोपण काढून त्यांनी पट्टीने रेघ मारली. "नाव?"

भावजी माझ्याकडे बघायला लागले. मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण काकाशिवाय पोरीचं कन्यादान कोण करणार? मी सांगितलं.

"पूर्ण नाव सांगा, मावशी."

"पूर्णच आहे, भाऊसाहेब. लिहा. पारू."