यमू भेकर आणि तिचा एकुलता एक वाचक

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. झाडं होती, झरे होते, जनावरं होती. नेटवर्क तेवढं नव्हतं. मग एक दिवस तेही आलं आणि जंगल सुधारलं.

सुधारलं म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वी माकडं एकमेकांच्या उवा काढत बसायची. आता ती शेजारी शेजारी बसून एकमेकांचे फोटो बघू लागली. मोर पूर्वी लांडोरीसाठी नाचायचा. आता तो कॅमेऱ्यासाठी नाचू लागला आणि लांडोर कॅमेरा धरू लागली.

त्या जंगलात नाल्याकाठच्या उंबरापाशी यमू नावाचं एक भेकर राहायचं. भेकर म्हणजे हरणाच्याच जातीतलं, पण अंगानं लहान आणि आवाजानं मोठं. बिबट्या दिसला की भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. ते ऐकून सगळं रान सावध होतं आणि बिबट्या चरफडत परत फिरतो. यमूच्या आईनं जन्मभर हेच केलं. यमूही तेच करायची. त्याबद्दल तिचे कोणी आभार मानले नव्हते. जीव वाचलेली जनावरं सहसा घाईत असतात.

नेटवर्क आल्यावर यमूला वाटलं, नुसतं भुंकून काय होणार? आवाज टेकडीपलीकडे जात नाही, लिहिलेलं कुठंही जातं. तिनं ब्लॉग सुरू केला आणि त्याला नाव दिलं 'कानोसा'. पहिल्या दिवशी लिहिलं, 'आज सकाळी बिबट्या करवंदीच्या जाळीतून नाल्याकडे उतरला. पाण्यावर जाताना सांभाळा.'

तो लेख दोघींनी वाचला. एक साळूमावशी. ही म्हातारी साळिंदर यमूच्या शेजारच्या बिळात राहायची आणि तिनं तो चुकून उघडला होता. दुसरी स्वतः यमू. कोणी वाचलंय का, हे बघायला ती तो पुन्हा पुन्हा उघडत होती.

त्याच सकाळी एका पोपटानं अर्धवट खाल्लेल्या पेरूचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'शुभ सकाळ'. त्याला सातशे अंगठे मिळाले. यमूला त्या दिवशी चारा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरडे सरांकडे गेली.

सरडे सर सागाच्या एका ओंडक्यावर बसून नवोदितांना ब्लॉग कसा लिहावा, ओळखी कशा वाढवाव्यात, लोकांच्या नजरेत कसं राहावं हे शिकवायचे. समोर जो बसेल, त्याच्या रंगाचे ते होत. त्यांचा स्वतःचाही एक ब्लॉग होता. ब्लॉग कसा लिहावा, एवढ्याच विषयावर त्यांनी आजवर तीनशे लेख लिहिले होते, त्यामुळे अनुभव दांडगा होता.

सरांनी यमूचा लेख वाचला आणि त्यांचा रंग उतरला.

"यमूताई, ह्यात बिबट्या आहे," ते म्हणाले.

"आहेच ना सर. नाल्याकडे आलाय."

"जंगलात असेल. लेखात नको. सकाळी सकाळी लोकांना बिबट्या नको असतो."

मग सरांनी तिला समजावलं. 'कानोसा' हे नाव फार काळजीचं वाटतं, ते बदलायचं. जगाबद्दल न लिहिता स्वतःबद्दल लिहायचं. आपण कुठं जातो, काय खातो, कोणाबरोबर खातो की एकट्याच खातो, हे लोकांना हवं असतं. फोटो टाकायचा तो असा, की मागचं झाड ओळखता आलं पाहिजे. वेळ ठरवून टाकायची आणि ती कधी चुकवायची नाही. तुम्ही कधी आणि कुठं सापडाल, याची वाचकाला खात्री वाटली पाहिजे. त्यानं काही विचारलं तर आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचं. मधूनमधून आपलं दुखणंखुपणं सांगावं, त्यानं जवळीक वाढते. आणि कोणी वाकडं बोललं, तर त्याला तिथल्या तिथं ब्लॉक करायचं.

यमू भारावली. एवढं सोपं होतं, आणि आपली आई उगाच घसा फोडत राहिली, असं तिला वाटलं.

'कानोसा' बंद झाला आणि 'यमूची हिरवळ' सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता यमू उंबराखाली उभी राहून फोटो काढायची. 'उंबराखालचा नाश्ता', 'आज पुन्हा एकटीच', 'नाल्याकाठी, फक्त मी आणि माझी शांतता'. अंगठे येऊ लागले. पन्नास आले, शंभर आले, पोपटाच्या बरोबरीनं आले. माकडं अंगठा द्यायची, कारण त्यांचे हात रिकामे होते. मोर द्यायचा, कारण यमूनंही त्याला द्यावा अशी त्याची अपेक्षा असे. सकाळ उजाडली की यमू आधी अंगठे मोजायची आणि मग डोळे चोळायची.

एकदा तिनं आईवर लिहिलं. आईला अजगरानं गिळलं, त्याला त्या दिवशी वर्ष झालं होतं. यमूनं तीन दिवस खपून तो लेख लिहिला. लिहिताना रडली. सात वाजता टाकला आणि श्वास रोखून बसली.

कॉमेंट धडाधड आल्या. 'खूप छान, ताई.' 'मस्त.' 'असेच खात राहा, फिरत राहा.' मोरानं लिहिलं, 'फोटो झकास आलाय.' एका माकडानं केळं पाठवलं, म्हणजे केळ्याचं चित्र.

आता यमू काही मूर्ख नव्हती. ही सगळी अंगठेबहाद्दर मंडळी आहेत आणि एकानंही लेख उघडलेला नाही, हे तिला तेव्हाच कळलं. ती हिरमुसून मोबाइल बाजूला ठेवणार, तेवढ्यात आणखी एक कॉमेंट आली. नाव होतं 'ठिपके'. चेहऱ्याच्या जागी पिवळा-काळा चौकोन होता.

'आईंबद्दल वाचून वाईट वाटलं,' ठिपके यांनी लिहिलं होतं. 'तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही म्हणता, की त्या मागच्या पायानं लंगडत असत. तुम्हालाही तसा काही त्रास आहे का?'

यमूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसरा परिच्छेद! कोणीतरी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचलं होतं. तिनं लगेच उत्तर दिलं, की लंगडत नाही, पण डावा खूर कधीकधी ठणकतो. ठिपके यांनी काळजी घ्यायला सांगितलं आणि दुखऱ्या खुरानं साधारण किती लांब धावता येतं, असं विचारलं. यमूनं तेही सांगितलं.

त्या दिवसापासून ती फक्त ठिपके यांच्यासाठी लिहू लागली. ते प्रत्येक शब्द वाचत. एकदा तिनं 'ओढ्याच्या वरच्या अंगाला' असं लिहिलं, तर त्यांनी नम्रपणे विचारलं, वरच्या अंगाला म्हणजे जांभळीच्या अलीकडे की पलीकडे? असा चोखंदळ वाचक तिनं कधी बघितला नव्हता.

साळूमावशीनं हे सगळं वाचलं आणि ती काटे फुलवून यमूकडे आली.

"यमे, हा कोण गं?"

"वाचक आहेत, मावशी."

"त्याला शेपूट केवढं आहे, ते विचारलंस का कधी?"

यमूला ते लागलं. मावशीनं तिला आजवर एक अंगठा दिला नव्हता, आणि आता तिचा एकमेव खरा वाचकही हिला बघवत नव्हता. तिनं घरी जाऊन मावशीला ब्लॉक केलं. बिळाच्या बाजूनं जायचंही बंद केलं.

पुढं एक गोष्ट घडली, ती यमूनं कुठंच लिहिली नाही. एका सकाळी ती फोटोसाठी कोन बघत होती आणि नाल्यापलीकडे बिबट्या दिसला. तो मान खाली घालून चालला होता. त्याच्या पंजात मोबाइल होता आणि तो काहीतरी मन लावून वाचत होता. यमूच्या घशाशी भुंकणं आलं. पण सात वाजायला दोनच मिनिटं होती. शिवाय बिबट्यावरच्या लेखाला काय मिळतं, ते तिनं भोगलं होतं. हा कोणाचं एवढं वाचतोय, असा हेवाही तिला क्षणभर वाटला. तिनं घोट गिळला, कोन बदलला आणि फोटो काढला. बिबट्या त्यात आला नाही.

दुपारी कळलं, की चितळांचं पाडस गेलं. यमूला खाली बसवेना. ती उंबराभोवती फिरत राहिली. आपण एकदा भुंकलो असतो तर, असं सारखं तिच्या मनात येत होतं. शेवटी तिनं पाडसावर एक श्रद्धांजली लिहिली. ती सगळ्यांना आवडली. पाडसाच्या आईनंही अंगठा दिला. मग यमूला थोडं बरं वाटलं.

शंभर लेख झाल्यावर सरडे सरांनी तिला वाचक मेळावा घ्यायला सुचवलं. वाचकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय नातं पक्कं होत नाही, असं ते म्हणाले. यमूनं जाहीर केलं, की रविवारी सकाळी सात वाजता उंबराखाली भेटू. चारशे जणांनी 'नक्की येणार' म्हणून कळवलं. ठिपके यांनी लिहिलं, 'मी थोडा आधीच येईन.'

रविवारी यमूनं पालापाचोळा बाजूला सारून जागा साफ केली. सात वाजले. सव्वासात झाले. माकडं आली नाहीत, मोर आला नाही. सरडे सरांनी शुभेच्छा पाठवल्या.

मग करवंदीची जाळी हलली आणि केव्हाचा आत येऊन बसलेला बिबट्या बाहेर आला.

"बाकीचे आले नाहीत?" त्यानं विचारलं.

यमू थिजली होती. तरी तिच्या तोंडून निघालं, "नेटवर्क नसेल त्यांना."

"मी ठिपके," बिबट्या म्हणाला. "तुमचा वाचक."

दोघांत बरंच अंतर होतं. यमू पळाली असती, तर दहा उड्यांत नाल्यापलीकडे गेली असती. नुसती भुंकली असती, तरी त्याला मुकाट्यानं परत फिरावं लागलं असतं. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. म्हणून तो पुढं आला नाही. तिथंच खाली बसला.

"आईंवरचा लेख मी चार वेळा वाचला," तो म्हणाला.

यमूचा उचललेला पाय तसाच राहिला. "चार वेळा?"

"चौथ्यांदा एक गोष्ट खटकली. ज्या बाईनं जन्मभर भुंकून रान राखलं, तिच्या आवाजाबद्दल लेकीनं एक ओळही लिहिली नाही."

यमूचं काळीज हललं. ती ओळ तिनं लिहिली होती. सगळ्यात आधी तीच लिहिली होती. लोकांना भुंकणं आवडत नाही, म्हणून शेवटच्या घटकेला काढून टाकली होती. हे चारशे जणांपैकी एकालाही कळलं नव्हतं. त्याला कळलं होतं.

"होती ती ओळ," ती हळूच म्हणाली.

"मग ऐकवा ना. तिथून नीट ऐकू येत नाही, जरा जवळ या."

यमूनं एकदा नाल्याकडे बघितलं. मग ती चार पावलं पुढं झाली. मग आणखी चार. आणि तिनं ती ओळ म्हटली.

"आई भुंकायची, तेव्हा आधी आम्हाला भीती वाटायची. मग लगेच भीती जायची, कारण आई जागी आहे, हे कळायचं."

बिबट्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये घाई केली नाही. "सुरेख," तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

पुढचं, मुलांनो, सांगण्यासारखं नाही.

मोबाइल उंबराखाली पडला होता. त्याला पासवर्ड होता यमूच्या आईचं नाव, आणि आईवरचा लेख बिबट्याला पाठच होता. सोमवारी सकाळी ठीक सात वाजता 'यमूची हिरवळ'वर उंबराचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'कालचा मेळावा छान झाला. पोटभर गप्पा झाल्या.'

'खूप छान, ताई,' माकडांनी लिहिलं. मोरानं लिहिलं, की हल्ली तुझ्या लिखाणात वजन आलंय.

साळूमावशीनं सगळं रान पालथं घातलं. यमू कुठं दिसत नाही, उंबराखाली रक्त आहे, असं ती ज्याला त्याला सांगू लागली. माकडांनी तिला सकाळचा फोटो दाखवला आणि विचारलं, की गेलेलं जनावर वेळेवर पोस्ट टाकेल का? सरडे सरांनी तिला शांत राहायला सांगितलं आणि नकारात्मकतेवर एक लेख लिहिला. मावशी बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. भुंकायला तिला येत नव्हतं.

पहिल्या मेळाव्याचं एवढं कौतुक झालं, की दुसऱ्याला बरेच जण खरोखरच आले. तिसऱ्याला त्याहून जास्त. जे आले, ते पुन्हा कोणाला भेटले नाहीत, पण त्यांची खाती छान चालू आहेत. सगळ्यांच्या पोस्ट सकाळी सात वाजता येतात, एकही दिवस चुकत नाही. सरडे सर म्हणतात, इतकी शिस्त ह्या जंगलात पूर्वी नव्हती.

जंगल तेवढं हल्ली फार शांत असतं.

तात्पर्य : नवोदितांनी उगाच भुंकू नये, वेळ चुकवू नये आणि पत्ता सविस्तर द्यावा. मन लावून वाचणारा एकच वाचक भेटला, तरी लेखिका त्याच्या पचनी पडतेच.