रेमेदिओसबाईंच्या घराचे निरूपण

श्री. ज्याच्या कृपेने मुक्यास वाणी आणि वाणीस अर्थ लाभतो, त्यास दंडवत घालून लिहितो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरी, एके राज्यी कागद इस्पानी, म्हणजे स्पेन देशीच्या, बोलीत होत आणि न्याय व कर इंग्रजीत चालत. मध्ये कान्होपंत दुभाषे. आणि दरबारची रीत ऐसी की एका शब्दापुढे एकच शब्द मांडावा, अधिक शाई खर्चू नये. तेथे एक गृहस्थ वारले. मृत्युपत्री लिहिले की घर पहिल्या कुटुंबाचे पुत्र आल्वारो यांचे, आणि दुसऱ्या पत्नी रेमेदिओसबाईंस त्याचे 'उसुफ्रुक्तो'. म्हणजे बाईंनी जीव आहे तोवर त्यात राहावे, अंगणीच्या संत्र्यांची फळे खावी, विकू मात्र नये. ऐसा हक्क इंग्रजीत एका शब्दी बसेना, मग पंतांनी भाडेकरू या अर्थाचा शब्द लिहिला आणि जेवावयास गेले. आल्वारो तो कागद घेऊन बाईंकडे आले आणि म्हणाले, "मातोश्री, भाडेकरूने मुदतीत उठावे." मग बाई पंतांच्या दारी आल्या. "पंत, माझ्याच चुलीपाशी मला पाहुणी केलीत?" पंत खजील होऊन म्हणाले, "मालकीण लिहितो." "आणि पोराचे घर मी गिळू? वर सगळ्या घराचा वारसाकर सरकार माझ्याच डोक्यावर बसवील."

मग सायंकाळी पंत उदास मनाने देवळी कीर्तनास बसले. बुवांनी पद जैसे होते तैसेच म्हटले, अक्षर बदलिले नाही, आणि मग टाळ थांबवून त्याचा अर्थ उलगडो लागले, आणि ज्यांस पद कळले नव्हते तेही डोलू लागले. पंतांचे डोळे भरून आले. सकाळी न्यायाधीशांपुढे नवा कागद ठेविला. मूळचा शब्द तैसाच, आणि खाली त्याचा सारा अर्थ. न्यायाधीश हासून वदले, "पंत, हे भाषांतर की पुराण? उद्या कचेरीत टाळही आणाल." पंत म्हणाले, "आणीन, महाराज. पण माझ्या आखूड शब्दाने एक बाई रस्त्यावर येते, तो आधी पुसू द्यावा." न्यायाधीशांनी पुन्हा वाचिले आणि शिक्का केला. आल्वारो म्हणाले, "घर माझेच ना?" "आपलेच," पंत म्हणाले, "फक्त आत आई आहेत."

मग संत्री पिकली, आणि बाईंनी पहिली टोपली आल्वारोंकडे धाडिली, आणि निरोप दिला, "झाड तुझे, फळे माझी. माझी आहेत, म्हणून देता येतात."

येणेप्रमाणे घर पुत्राचे राहिले, चूल बाईंची राहिली, आणि दुभाष्यांस शाई वाढवून मिळाली. लिहिणाऱ्याचे कान कीर्तनी असोत, इतके मागून लेखणी ठेविली.