निर्मळ हवेचा दाखला

जालन्याच्या कारखान्यांना खेटून असलेल्या समृद्धनगरात चौसष्ट घरं आहेत आणि रोज पहाटे त्यांच्यावर धुराड्यांची काजळी पडते. जातधर्म न पाहता सगळ्यांना सारखं मिळणारं तिथं एवढंच. पाहुणा आला की आधी खुर्ची पुसायची, मग 'बसा' म्हणायचं, ही तिथली रीत.

उषाबाईंची नात राजनंदिनी सहा महिने खोकत होती. पोर खोकली की उषाबाईंचा जीव तुटायचा. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. हवा बदलणं कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतं, याचा शोध घेऊन त्यांनी अर्ज केला. एकोणिसाव्या अर्जाला उत्तर आलं: 'साहेब सोमवारी अकरा वाजता समक्ष पाहणी करतील. अर्जदाराने काजळी उपस्थित ठेवावी.'

उषाबाई हरखल्या. शेजारच्या अजीजुन्निसाला म्हणाल्या, "साहेब येऊन राह्यले आपल्याकडं!"

"या अल्ला! मंग असल्या गच्चीवर नेणार का त्यांना? अपनी इज्जत का सवाल है!"

झालं! आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी अख्ख्या कॉलनीनं एका दिवसात ओतलं. गच्च्या धुतल्या, कठडे घासले, तुळशीचं पान न् पान पुसलं. सोमवारी पहाटे पडलेली ताजी काजळीही दहाच्या आत गोळा झाली.

साहेबांनी पांढरा रुमाल कठड्यावरून फिरवला. तो पांढराच राहिला.

"काजळी कुठाय, बाई?"

"पुसली ना साहेब. तुम्ही येणार म्हणून."

"पुसलेल्या काजळीचा रकाना नाही."

"बादलीत हाय की! बघा, पाणी काळंभोर झालंय."

"बादलीतली काजळी हवेत धरता येत नाही. त्यासाठी पाणी विभागाकडे अर्ज करा."

आत राजनंदिनी खोकली. साहेबांनी आस्थेनं विचारलं, "थंड पाणी पिते का?"

महिन्याभरात निर्मळ हवेचा दाखला आला. प्लॉटचे भाव चढले, पेढे वाटले गेले. त्याच दाखल्यावर शेजारच्या कारखान्याला दुसऱ्या धुराड्याची परवानगी मिळाली, कारण इतकी निर्मळ हवा वापराविना पडून राहणं शासनाला परवडणारं नव्हतं.

नातीचा खोकला दुप्पट झाला. उषाबाईंनी विसावा अर्ज केला. पुन्हा सोमवार ठरला. या वेळी त्यांनी घरोघरी फिरून बजावलं, "फडक्याला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई!" कॉलनीनं शब्द पाळला. गच्च्या काळ्या, कठडे काळे, तुळससुद्धा काळी. अकराला पाच मिनिटं कमी असताना कोपऱ्यावर जीप थांबली. उषाबाईंची नजर साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर गेली. काळीकुट्ट!

तेवढी खुर्ची त्यांनी पदरानं पुसली. मग ती पांढरी खुर्ची शेजारच्या काळ्या टेबलाजवळ फारच वाईट दिसू लागली. टेबलानंतर कठडा आला. बाजूच्या गच्चीवरून अजीजुन्निसानं ते पाहिलं आणि बादली उचलली.

हसू नका. तुमच्या दारात साहेब आले होते, तेव्हा तुम्ही काय काय पुसलंत, ते आठवा.