मागून मोजलेले बारा

तरुण संघाच्या सेक्रेटरीनं परदेशातल्या विमानतळावर आपली माणसं मोजली ती मागून, आणि तिथंच सगळं बिनसलं.

तसा तो निष्काळजी नव्हता. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, दिवसभर लोकांचे नंबर तपासायचा. पण चर्चमधली तरुण मंडळी दहा दिवस परदेशी सेवेला न्यायची म्हणजे डोक्याला घोर. त्यात पाळकसाहेबांचा या ट्रिपला पहिल्यापासून विरोध. "आपल्याकडं रंगवायला भिंती उरल्या नाहीत का?" असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. शेवटी पाळकीणबाई मध्ये पडल्या तेव्हा साहेब कसेबसे तयार झाले, पण अट घालूनच. "बारा नेतोस, बारा आण. एक जरी इकडंतिकडं झाला तर ट्रिप बंद, तुझं सेक्रेटरीपद बंद, आणि तरुण संघानं दर रविवारी सतरंज्या घालायच्या आणि काढायच्या. बास."

त्या बारांत साहेबांचा एकुलता एक मुलगा होता. वय बावीस, दारातून येताना वाकावं लागेल एवढी उंची, पण अख्खी मंडळी त्याला बाळ म्हणायची. बाळाला देवानं झोपेचं वरदान दिलं होतं. तो उभ्यानं झोपायचा. गायनात उभा असला तर गाता गाता झोपायचा आणि सूर मात्र सोडायचा नाही. वडिलांच्या प्रवचनाच्या पहिल्या वाक्याला त्याचे डोळे मिटायचे आणि आमेनला अचूक उघडायचे.

माणूस हरवू नये म्हणून सेक्रेटरीनं सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट शिवून घेतले. पिवळे, हळदीत बुडवून काढल्यासारखे. आणि निघताना सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत जमा केले. "सेवेला चाललोय, सेल्फीला नाही," असं त्यानं सांगितलं.

आता झालं असं, की त्याच विमानात एका टूर कंपनीची ज्येष्ठ नागरिकांची सहल होती आणि त्या कंपनीनंही टी-शर्ट वाटले होते. तेही पिवळेच. पुढून बघितलं तर त्यांच्या छातीवर सूर्य होता आणि ह्यांच्या छातीवर क्रूस. मागून बघितलं तर झेंडूची शेती. सेक्रेटरी बसच्या दाराशी उभा राहिला, चढणाऱ्या पाठी मोजल्या, स्वतःला धरलं, बरोबर बारा भरले. त्यानं प्रार्थना केली, सगळ्यांनी डोळे मिटले, बस निघाली.

घाटातल्या गावाशी, मुलांच्या वसतिगृहासमोर बस थांबली तेव्हा शेवटच्या सीटवरून एक आजी उतरल्या. पँट, पिवळा टी-शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात कंपनीचं कार्ड. त्यांनी वसतिगृह वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे फोटोत वेगळं दिसत होतं," आजी म्हणाल्या. "माझी खोली कुठली? खिडकीशी पलंग हवा असं बुकिंगलाच सांगितलंय मी."

"आजी, तुम्ही कोण?" सेक्रेटरीनं विचारलं.

"पैसे भरताना बरं ओळखत होतात."

सेक्रेटरीनं घाईघाईनं सगळ्यांना पुढून मोजलं. बाळ नव्हता. मग त्यानं आजींच्या कार्डावरचा नंबर लावला. पलीकडं टूर मॅनेजर होता.

"आमचा एक मुलगा तुमच्याकडं आलाय," सेक्रेटरी म्हणाला.

"आमच्याकडं मुलं नसतात हो. साठीच्या खाली आम्ही बुकिंगच घेत नाही."

"एकदा मोजून तरी बघा."

मॅनेजरनं मोजलं. "बरोबर आहेत."

"चेहरे बघून मोजा ना, प्लीज."

बराच वेळ फोनवर नुसती पावलं वाजत होती. मग मॅनेजरचा आवाज आला. "मागं एक काका झोपलेत. टोपी तोंडावर आहे. थांबा, काढतो." थोडा वेळ गेला. "ह्या काकांना मिशी पण धड फुटलेली नाही."

बाळ विमानतळाच्या बाकावर झोपला होता. मॅनेजरनं पिवळा टी-शर्ट बघून त्याला हळूच उठवलं, हाताला धरून एसी बसमध्ये बसवलं, मानेखाली उशी दिली. बाळानं डोळे उघडायचे कष्ट घेतले नव्हते. आता त्यांची बस बंदरावर पोचली होती आणि बोट सुटायला आली होती. बेटावरून परत यायचं ते थेट घरी जायच्या दिवशी.

"मग असं करू," मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला. "जाताना विमान एकच आहे. विमानतळावर अदलाबदल करू. तुम्ही आजींच्या घरी कळवू नका, माझी नोकरी जाईल."

सेक्रेटरीला ते मान्य नव्हतं. माणूस एवढी मोठी गोष्ट लपवतो का? पण आजींनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि मॅनेजरला बजावलं, "माझ्या सुनेला कळलं तर बघा. ती मला रस्तासुद्धा एकटीला ओलांडू देत नाही. पुढच्या खेपेला गेटच्या बाहेर सोडायची नाही." मग सेक्रेटरीकडं वळून म्हणाल्या, "काय काम असतं तुमच्यात? बसून राहायला मी घरीच होते."

काम होतं वसतिगृहाचा जेवणाचा हॉल रंगवायचं. आजींनी बाळाचा पलंग घेतला, बाळाचा ब्रश घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना रांगेला लावलं. "वरून खाली मार रे, खालून वर काय मारतोस? भिंत आहे, दाढी नाही."

पहिल्याच संध्याकाळी घरून फोन आला. पाळकीणबाई होत्या. स्पीकर चालू होता आणि शेजारी साहेब बसलेले होते, हे त्यांच्या खाकरण्यावरून कळत होतं.

"पोचलात ना सगळे? बाळाला दे जरा."

सेक्रेटरीनं आयुष्यात खोटं बोलायचा सराव केलेला नव्हता. त्याच्या तोंडून निघालं, "काकू, तो आंघोळीला गेलाय."

"आंघोळीला? आपणहून?"

"हो काकू."

"बरं," पाळकीणबाई म्हणाल्या. "करू दे."

दुसऱ्या दिवशी परत फोन. परत आंघोळ सांगितली तर तो बाळच आहे हे कोण मानणार, म्हणून सेक्रेटरीनं सांगितलं की तो पाणी आणायला गेलाय. "आपला बाळ? बादली घेऊन?" "दोन बादल्या, काकू." तिसऱ्या दिवशी बाळ स्वयंपाकघरात भांडी घासत होता. चौथ्या दिवशी तो आजारी मुलांच्या उशाशी बसला होता. एक खोटं दुसऱ्याला हाताला धरून आणत होतं, आणि दरवेळी पलीकडून साहेबांचं खाकरणं मऊ होत चाललं होतं.

मग साहेबांनी फोटो मागितला. सगळ्यांचा, काम करतानाचा. सेक्रेटरीनं बाराही जणांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि मागून फोटो काढून पाठवला. फोटो काढायला वसतिगृहाच्या मास्तरांना बोलावलं, म्हणून सेक्रेटरी स्वतःही त्यात मावला. पाठी बरोबर बारा. साहेबांचा लगेच फोन.

"डावीकडून तिसरा बाळ ना? त्याचे केस पांढरे कसे?"

"रंग उडालाय, साहेब."

"आणि बुटका का दिसतोय?"

"वाकलाय, साहेब. खालचा भाग रंगवतोय."

साहेबांचा आवाज भरून आला. "वाकला," ते म्हणाले. "बावीस वर्षांत पहिल्यांदा वाकला."

इकडं आजी काही वाकत नव्हत्या. वसतिगृहातल्या मुलांसाठी योनाच्या गोष्टीचं नाटुकलं बसवलं होतं. देवानं एका गावाला पाठवलेला योना उलट्या दिशेच्या जहाजात बसतो आणि मोठा मासा त्याला गिळतो, ती गोष्ट. मासा व्हायचं होतं बाळानं, कारण माशाला पडून राहण्याशिवाय काम नव्हतं. आता आजी मासा झाल्या. त्यांनी योनाला चादरीखाली गिळलं, पण बाहेर टाकायची वेळ आली तरी सोडेनात.

"आजी, सोडा मला," योना चादरीतून म्हणाला. "पुढचा प्रवेश आहे."

"आधी आईची माफी माग. कुठं जातोय ते घरी सांगून निघाला होतास का?"

मुलांना भाषा कळत नव्हती, तरी ती हसून हसून जमिनीवर लोळली. योनानं माफी मागितली तेव्हाच मासा उठला.

सहाव्या दिवशी पाळकीणबाईंनी जरा हट्टच धरला. "आज मी त्याचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवणार नाही. जेवणाच्या वेळेला तर असेल ना जागेवर?"

"तो जेवत नाहीये, काकू. उपास धरलाय."

"बाळानं?"

"हो. नुसतं पाणी."

"मग पाणी पिता पिता दोन शब्द बोल म्हणावं आईशी."

सेक्रेटरीनं आजूबाजूला बघितलं. आजी खिडकीत बसून ब्रश धूत होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली. सेक्रेटरीला त्यात वाट दिसली.

"त्यानं मौनही धरलंय, काकू. घरी येईपर्यंत."

पलीकडं काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. हुंदका असावा असं सेक्रेटरीला वाटलं. "नको मग," पाळकीणबाई कशाबशा म्हणाल्या. "त्याच्या मौनात मी कशाला येऊ."

त्या रविवारी साहेबांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की ट्रिप परत आली की पुढच्या उपासनेत बाळ स्वतः उभा राहून देवाच्या अनुभवाची साक्ष देईल. फलक छापायला गेला.

परतीच्या दिवशी विमानतळावर अदलाबदल झाली. बाळ आला तो हॉटेलच्या सपाता घालून. रंग उजळला होता, गाल भरले होते, आणि पाच-सहा आज्या त्याला निरोप देताना डोळे पुसत होत्या. त्यानं काय केलं होतं ते कळेना. मॅनेजर एकेकाचा पासपोर्ट तोंडाशी धरून माणसं मोजत होता. आजींच्या केसांत अजून रंग होता. त्या सेक्रेटरीला म्हणाल्या, "कोपऱ्यात दुसरा हात राहिलाय. पुढच्या वर्षी येऊन मारीन."

विमानात सेक्रेटरीनं बाळाला शेजारी बसवलं. "घरी काय सांगणार आहेस?"

"जे झालं ते," बाळ म्हणाला आणि जांभई दिली.

"बाळ, माझं सगळं जाईल रे. पुन्हा कुणाला नेता येणार नाही. निदान उपास केला असं तरी सांग."

"दिवसाला चार वेळा खायचो मी," बाळ म्हणाला आणि सीटला मान टेकली.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. फलकावर बाळाचा फोटो होता, खाली साहेबांनी स्वतः सांगून 'जो वाकला' असं छापून घेतलं होतं. बाळ आत आला तेव्हा शर्टाची बटणं ताणली होती. कुणीतरी कुजबुजलं, "उपासानं किती सुजलाय पोरगा." सेक्रेटरी मागच्या बाकावर सतरंजीच्या गुंडाळीशेजारी बसला होता. तीच आता आपल्या नशिबात आहे असं त्याला वाटत होतं.

बाळ माईकपाशी उभा राहिला. "मी खरं तर काहीच केलं नाही," तो म्हणाला.

मंडळींनी माना डोलावल्या.

"मला न्यायचं होतं एकीकडं, मी गेलो उलटीकडं. योनासारखा. डोळे उघडले तेव्हा बोटीत होतो."

"केवढं खोल बोलतोय," साहेब पुढच्या बाकावर म्हणाले.

"तिथं वयस्कर माणसं होती. त्यांच्या बॅगा उचलल्या. एक काका रोज दातांची कवळी कुठंतरी विसरायचे, ती शोधून द्यायचो. एक आजी सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी परत सांगायच्या, ती ऐकायचो. मला झोप यायची, पण त्या मध्येच विचारायच्या, मग पुढं काय झालं सांग, म्हणून जागं राहावं लागायचं. बाकी मला जे दिलं ते मी घेतलं. आमेन."

पहिल्या वाक्यापासून आमेनपर्यंत तो जागा होता, ही मंडळींनी पहिल्यांदाच बघितलेली गोष्ट. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तिथल्या तिथं पुढच्या वर्षीची ट्रिप मंजूर केली.

उपासना सुटल्यावर सेक्रेटरी सतरंज्या गुंडाळत होता. खरं म्हणजे आज त्याची पाळी नव्हती, पण हातांना काहीतरी काम हवं होतं. पाळकीणबाई आल्या आणि त्यांनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

"काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"बोटीवरून त्याचा फोन आला होता," पाळकीणबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. त्या मॅनेजरच्या मोबाईलवरून. माझा नंबर तेवढा त्याला पाठ आहे."

सेक्रेटरीच्या हातातलं टोक सुटलं. "म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? मग रोज मला का विचारत होतात?"

"साहेब शेजारी असायचे, नाही विचारलं तर त्यांना शंका आली असती. ते झालं पहिल्या दोन दिवसांचं. पुढं मात्र मी आपली तुला ऐकायला बसायचे. दुपारपासून वाट बघायचे, आज हा काय सांगतोय म्हणून. बादल्यांपर्यंत बरं होतं. मौन सांगितलंस तेव्हा माझ्या हातून कपबशी पडली. हसू आवरेना, साहेबांना वाटलं रडतेय."

"साहेबांना सांगणार आहात?"

"त्यांना कशाला? पंचवीस वर्षांत एवढ्या आनंदात बघितलं नव्हतं त्यांना." त्यांनी सतरंजीची घडी नीट केली. मग दाराकडं बघितलं, कुणी नव्हतं. "पुढच्या वर्षी मीही येणार आहे ट्रिपला. साहेबांना सांगितलंय, मुलींबरोबर कुणी मोठं माणूस हवं. मला एक पिवळा टी-शर्ट शिव. जरा मोठ्या मापाचा."

"शिवतो की, काकू."

"आणि ती सूर्यवाल्यांची टूर कधी निघते, ते मी विचारून ठेवलंय. आपणही त्याच विमानानं जाऊ." त्यांनी सतरंजी त्याच्या हातात दिली. "मोजायला तूच उभा राहा. मागूनच मोज."