फटफटीच्या नळीचा नट

शामकलाबाईंनी आमगावच्या धाकट्या बहिणीला तोंडभरून सांगून टाकलं, "सुभद्रे, तुह्या पोरीच्या लग्नाले आमी आगगाडीनं नाई, घरच्या फटफटीवर येऊ!" आणि तिथंच घोळ झाला.

फटफटी घरची होती हे खरं. पण ती चालत नव्हती. नवरा शालीकराम गोंदियाच्या तांदळाच्या गिरणीत मुनीम. लढाई संपल्यावर मिलिटरीनं मोडीत काढलेली ही गाडी त्यानं घेतली आणि बैलगाडीवर घालून घरी आणली. (जी पळायची ती वस्तू बैलांच्या जिवावर आली, तेव्हाच ओळखायचं. पण मुनीमाला तांदळातले खडे ओळखता येतात, बाकी काही नाही.)

छोटेलाल मिस्त्री येऊन बघून गेला. "इंजिन खोलना पड़ेगा, मुनीमजी. पर पहले ये धुएँ की नली निकालो. इसका नट जंग खा गया है. रोज मिट्टी का तेल पिलाओ, ढीला हुआ तो मुझे बुलाना."

शालीकराम लगेच कंदील उलटा करायला बसला. शामकलाबाईंनी तो हातातून हिसकावला.

"अजी, रॉकेल कायले ओतून राहिले? कंट्रोलचं हाय ते, मोजून भेटते! अंधारात जेवसान का?"

"मिस्त्रीच म्हणाला ना वं."

"मग मिस्त्रीच्या ओसरीत जाऊन ओता!"

झालं. शालीकराम कोरड्या नटाला पान्हा लावून लोंबकळला. पान्हा निसटला, बोटं सोलली, नट जागच्या जागी. बाई दारातून कडाडल्या, "गिरणीत बसून बसून हातातला जीव गेला तुमचा! तिकडं सुभद्रेनं साऱ्या आळीले सांगून ठेवलं. नाक माह्यं कापलं जाईल, तुमचं काय जाते?"

लग्न जवळ येत होतं आणि हा माणूस काही कामाचा नव्हता. तेव्हा बाईंनीच पदर खोचला. नवरा आंघोळीला गेला की स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची पळी आणायची आणि नटावर ओतायची. संध्याकाळी पुन्हा एक. (शेवटी तेल ते तेल. हे तर घाण्याचं, निर्मळ. रॉकेलसारखं घाणेरडं नाही.)

"भाजी कोरडी काऊन वं?" शालीकरामनं ताटावर विचारलं.

"उन्हाळ्यात तेल बाधते. गप जेवा!"

वैशाखाचं ऊन ओसरीत दिवसभर फटफटीवर तापत होतं. नवरा रोज पान्हा लावत होता, नट रोज जास्तच घट्ट होत होता, आणि बाई रोज त्याच्या सात पिढ्यांना ओसरीत आणून उभं करत होत्या.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी छोटेलालला बोलावलं. त्यानं जोर लावला तर अख्खी फटफटी फिरली, नट नाही. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "ये क्या लगाया है? काँच जैसा जम गया!"

शालीकराम वाकला. त्यानं नटाकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे पाहिलं, मग पुन्हा नटाकडे. दोन्हीवर तीच तांबूस चकाकी. दर दिवाळीला बाई स्वतःच्या हातानं दाराला जवसाचं तेल चोपडतात. ते वाळून असं घट्ट बसतं की पावसाचा थेंब आत शिरत नाही.

"शामकला, ह्या नटाले आपल्या दाराची चकाकी कशी आली वं?"

"मले काय इचारता? फटफटी कोनाची हाय? आनली कोनं?" बाई अशा ओरडल्या की शेजारची कोंबडी उडाली. पण संध्याकाळची पळी त्यांच्या हातातच होती, आणि ती ठिबकत होती.

छोटेलाल हसून हसून खालीच बसला. "भाभीजी, अब ये नट सात जनम नहीं निकलेगा. लेकिन बारिश में भीगेगा भी नहीं!"

दुसऱ्या दिवशी आमगावात सुभद्रा आरतीचं ताट घेऊन, सारी आळी गोळा करून रस्त्यावर फटफटीची वाट बघत उभी होती. नवराबायको तिच्या पाठीमागून आले, स्टेशनावरून, पायी. बाईंचा चेहरा बघून कोणी काही विचारलं नाही.

पंगतीत सुभद्रेनं भाजी वाढली. वर तेलाचा चांगला बोटभर तवंग. ती चपापली. "भाऊजी, तेल जास्त झालं का जी?"

शालीकरामनं मान वर केली नाही. भुरका मारून म्हणाला, "वाढा, सुभद्राबाई, वाढा. आमच्या घरी आधी फटफटीले वाढतेत. उरलं तर मले."